म्हणजेबाई

नणंद-भावजयीची गोष्ट म्हटली की लोक कान टवकारतात. विळ्या-भोपळ्याचं सख्य ऐकायला मिळणार अशी त्यांची खात्री असते. माझ्याकडे आलेल्यांची निराशाच होते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला सगळ्यात आधी लळा लागला तो माझ्या नणंदेचा. नवऱ्याचा नंबर नंतर लागला, आणि हे त्यालाही ठाऊक आहे.

मी त्यांना वन्सं म्हणते. सुरुवातीला जुन्या वळणाचा शब्द म्हणून थट्टेनं म्हणायचे, मग तोच तोंडात बसला. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, तरी मला वहिनी म्हणतात. लहान भावाच्या बायकोला वहिनी कशाला, नावानं हाक मार की, असं सासूबाई एकदा म्हणाल्या. त्यावर वन्सं म्हणाल्या, "नातं हा एक रकाना आहे आणि वय हा दुसरा. दोन्हींची सरमिसळ करायची नाही."

त्या सरकारच्या सांख्यिकी कार्यालयात होत्या. तिथं त्यांचं नाव पडलं होतं म्हणजेबाई. कुणी कितीही घाईत आकडा सांगू दे, यांचा पहिला प्रश्न, "म्हणजे?" अमुक इतके लोक बेकार आहेत. म्हणजे? ज्यांना काम नाही ते, की जे काम शोधताहेत ते? अमुक इतकी घरं बांधली. म्हणजे? पाया घातला ती, की माणसं राहायला गेली ती? घरीही तेच. आज जेवायला किती जण, असं सासूबाईंनी विचारलं की यांचं सुरू व्हायचं, इथं बसून जेवणारे की डबा नेणारेही धरायचे? सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "हिच्याशी लग्न करणाऱ्यानं आधी शब्दकोश पाठ करावा," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. वन्संनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. त्यांच्याकडे बघून काही राहून गेलंय असं वाटायचं नाही, एवढं खरं.

आपल्या देशाचे आकडे बाहेरच्या संस्थांना कळवणं हे त्यांच्या खोलीचं काम. खोली दुसऱ्या मजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला. लोखंडी कपाटं, सायकली लावायच्या जागेवर उघडणारी खिडकी, आणि कान तुटलेल्या कपात तग धरून राहिलेलं एक झाड. मी कधी दुपारी त्यांना भेटायला जायचे तेव्हा त्या कागदांच्या मागे दिसायच्याच नाहीत, नुसता चष्मा वर यायचा. कामगारांचं बघणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था, आरोग्याचं बघणारी दुसरी, व्यापाराची तिसरी, शेजारी देशांच्या संघाची आणखी एक. सगळ्यांना हवे असायचे तेच आकडे, पण प्रत्येकीचा फॉर्म वेगळा. एकीला काम करणारी माणसं पंधराव्या वर्षापासून हवीत तर दुसरीला सोळाव्यापासून. एकीला हजारांत, दुसरीला एकेक मोजून. एकीचं वर्ष एका महिन्यात सुरू तर दुसरीचं भलत्याच. एकाच पोराला वेगवेगळे कपडे चढवून वेगवेगळ्या दारी पाठवायचं, तसा प्रकार. आणि पुन्हा पुन्हा हातानं टाइप करायचं म्हटल्यावर कुठंतरी ध चा मा होणारच. मग एका संस्थेच्या पुस्तकात आपली लोकसंख्या एक, दुसरीच्या पुस्तकात दुसरी, आणि दोन्हींकडून वन्संना पत्र, की यातलं खरं कोणतं.

मग सगळ्या संस्थांनी मिळून एक सामायिक पद्धत ठरवली. यापुढे आकडा एकटा प्रवास करणार नाही, सोबत त्याची ओळख जाईल. कुठला, कशाचा, कोणत्या काळाचा, कोणत्या मापात, पक्का की अंदाजानं काढलेला. ही ओळख ठरलेल्या कोडांत लिहायची आणि ते कोड सगळ्या देशांत सारखेच. देशानं एकदाच नीट मांडून ठेवायचं, संस्थांची यंत्रं येऊन आपापल्याला हवं ते उचलून नेतील. फॉर्म बंद, टायपिंग बंद.

ऑफिसात कुजबुज झाली की आता म्हणजेबाईंच्या हाताला काम उरणार नाही, बिचाऱ्या खचतील. प्रत्यक्षात त्या दिवशी वन्सं गुणगुणत घरी आल्या. आमच्या घराखाली माझं शिवणकामाचं दुकान आहे. त्या थेट तिथं येऊन स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, मी इतकी वर्षं एकटीच विचारत होते. आता सगळं जग विचारणार. म्हणजे?"

मला त्यातलं सगळं कळलं नाही. पण एक कळलं, कारण माझ्याही धंद्यात ते दुखणं आहे. माझ्या जोडीला एक मैत्रीण काम करते. टेप एकच, इंचही तेच, पण तिचा खांदा मानेच्या हाडापासून सुरू होतो आणि माझा गळ्याच्या शिवणीपासून. तिनं माप घ्यावं आणि मी कापावं, की बाही लोंबलीच. हे मी वन्संना सांगितलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या बैठकीत माझ्या नावानिशी सांगितलं. त्यानंतर तिथले लोक मला खांदावाली वहिनी म्हणून ओळखू लागले.

काम मात्र सोपं नव्हतं. बाहेरच्या संस्थांचं एकमत झालं, घरातल्या खात्यांचं कुठं झालं होतं? शिक्षण खात्याचे जिल्ह्यांचे कोड वेगळे, मजूर खात्याचे वेगळे. सगळ्यात अवघड होते आरोग्य खात्यातले एक जुने अधिकारी. त्यांनी आपली कोडयादी स्वतः बनवली होती आणि तिला हात लावायला गेलं की त्यांच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. वन्संनी ती यादी उलटसुलट पाहिली, त्यातला क्रम काही केल्या लागेना. शेवटी एक अख्खी दुपार त्या त्यांच्यासमोर जाऊन बसल्या आणि नुसतं ऐकत राहिल्या. तेव्हा उलगडा झाला. गृहस्थांनी जिल्ह्यांना नंबर दिले होते ते आपल्या बदल्यांच्या क्रमानं. पहिली नेमणूक झाली तो जिल्हा पहिला, मुलगी जन्मली तो तिसरा, वरिष्ठांशी भांडण झालं तो अगदी शेवटी. संध्याकाळपर्यंत वन्संनी प्रत्येक जिल्ह्याची गोष्ट ऐकली. वन्सं निघताना अधिकाऱ्यांनीच आपण होऊन विचारलं, "तुमचे ते नवे कोड कुठं भरायचे?"

त्याच सुमाराला आमच्याकडे एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय वन्सं कशा आहेत ते कळायचं नाही.

मला मुलगी झाली होती. दिवस भरायच्या आधीच आली, आणि एक रात्र जगली. त्यानंतर घरात त्या विषयाला कुलूप लागलं. लोक भेटायला यायचे ते म्हणायचे, विसरून जा, झालंच नव्हतं असं समज. नवरा बोलायचा नाही, सासूबाई मला जड भांडं उचलू द्यायच्या नाहीत. मीही गप्प राहायला शिकले. काही महिन्यांनी जनगणनेची बाई दारात आली. तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती टेबलापाशी बसून एकेक प्रश्न विचारू लागली. वन्सं पलीकडे मटार सोलत होत्या. आपल्या खात्याचं माणूस घरी आलं तरी मध्ये एक शब्द बोलायचा नाही असा त्यांचा नियम होता.

बाईनं मला विचारलं, किती मुलं जन्मली. मी म्हटलं, एकही नाही. तोंडातून ते सवयीनंच गेलं. ती लिहायला लागली, तेवढ्यात वन्संचे हात थांबले. माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या,

"वहिनी, प्रश्न 'किती जन्मली' असा आहे. 'किती आहेत' हा त्याच्या पुढचा."

बाईनं पेन कागदावरून उचललं. मग मी म्हटलं, एक. मुलगी. आणि पुढच्या प्रश्नाला म्हटलं, आता नाही. बाईनं दोन्ही लिहून घेतलं, मान खाली घालून. ती गेल्यावर मी रडले. किती तरी दिवसांनी नीट रडले. सासूबाई येऊन माझ्या शेजारी बसल्या, नवऱ्यानं उरलेले मटार सोलले. त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव घेता येऊ लागलं. वन्संनी त्यावर कधी काही म्हटलं नाही. फक्त एकदा, मी फारच विचारल्यावर म्हणाल्या, "शून्य म्हणजे नव्हतंच. आणि ती होती. दोन्ही एकाच रकान्यात कसं लिहायचं?"

पुढं नवी पद्धत सुरू झाली. पहिल्या वर्षीची फाइल गेली, ऑफिसात टाळ्या पडल्या, विभागप्रमुखांनी सगळ्यांना केक वाटला. वन्संचा पलीकडे एक संपर्क होता, आरोग्याच्या त्या आंतरराष्ट्रीय संस्थेत बसून आपल्या देशाचे आकडे तपासणारा. संदेश परक्या भाषेत यायचे. त्या भाषेत लिहिणारं माणूस बाई आहे की बाप्या ते कळत नाही, आणि सही म्हणून दोनच अक्षरं. संदेश नेहमी मुद्देसूद, कडक आणि सभ्य. इतकं नीट बोलणारी बाईच असणार असं आम्ही घरात ठरवून टाकलं. तिला आम्ही पलीकडची म्हणायचो. आज पलीकडचीनं काय खोडी काढली, असं नवरा जेवताना विचारायचा.

त्या वर्षी पलीकडून संदेश आला, की तुमच्या डोंगराळ जिल्ह्यात गेल्या वर्षी एकही मूल जन्मलं नाही असं फाइलीत दिसतं. हे बरोबर आहे का? तान्ह्या मुलांच्या लसी किती पाठवायच्या ते या आकड्यांवरून ठरतं, म्हणून विचारलं.

त्या संध्याकाळी वन्सं जेवायला बसल्या पण घास तोंडात गेला नाही. माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. सासूबाईंनी खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. कार्यालयाच्या जुन्या तक्त्यांत आडवी रेघ म्हणजे शून्य, आणि माहिती नसेल तर दोन टिंबं. यंत्रानं रेघ दिसली की शून्य भरावं हा नियम त्यांनीच लिहून दिला होता. पण त्या जिल्ह्याच्या कचेरीत अधिकाऱ्याची जागा रिकामी होती, आकडे गोळा झालेच नव्हते. तिथल्या माणसानं नंतर भरू म्हणून रेघ मारून ठेवली.

"चूक माझी आहे," वन्सं म्हणाल्या. "साऱ्या जगाला म्हणजे, म्हणजे विचारत सुटले. रेघ म्हणजे काय, ते त्या माणसाला विचारलं नाही."

त्या माझ्याकडे का बघत नव्हत्या ते मला कळलं. मी त्यांचं ताट उचललं, जेवण पुन्हा गरम करून आणलं आणि त्यांच्या शेजारी बसले. हळूहळू जेवल्या.

सकाळी त्या कुणी बोलवायच्या आत विभागप्रमुखांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ते माणूस वाईट नव्हतं, जरा सांभाळून राहणारं. त्यांचं म्हणणं पडलं की आत्ताच गाजावाजा नको, पुढच्या वर्षीच्या फाइलीत गुपचूप दुरुस्त करू. नवी पद्धत आणि पहिल्याच वर्षी चूक कबूल करायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. वन्सं म्हणाल्या, नव्या पद्धतीत दुरुस्तीसाठी आणि 'माहिती मिळाली नाही' असं सांगण्यासाठी वेगळे कोड ठेवलेत, ते कुणाला तरी वापरावे लागतील म्हणूनच ठेवले असतील ना. साहेबांनी खिडकीबाहेर थोडा वेळ सायकली पाहिल्या आणि सही केली. दुपारपर्यंत दुरुस्त फाइल मांडली गेली.

शून्य गेलं, पण त्या जागी आता 'माहिती नाही' आलं. खरं होतं, मात्र त्यानं कुणाला लस मिळणार नव्हती. वन्संनी रजा टाकली, माझा जाड कोट मागून घेतला आणि बसनं डोंगरात निघाल्या. नवरा म्हणाला, फोनवर विचार की. त्या म्हणाल्या, लांबूनच तर रेघ आली होती.

तिथलं मला त्यांनी परतल्यावर सांगितलं, आणि अनेकदा सांगितलं, कारण मी पुन्हा पुन्हा विचारायचे. एका दुमजली इमारतीत जिल्ह्याची कचेरी. अधिकाऱ्याच्या खुर्चीवर मांजर झोपलेलं. रेघ मारणारा कारकून यांना बघून घाबरला, रागावायला आल्यात असं त्याला वाटलं. वन्संनी त्याला आधी आपली चूक सांगितली, मग चहा मागितला. मग दोघांनी मिळून दरीदरीतल्या आरोग्य केंद्रांना फोन लावायला सुरुवात केली. परिचारिका आपल्याकडचे जन्म सांगायच्या, कारकून लिहायचा, वन्सं शंका विचारायच्या. एका केंद्रावरच्या परिचारिकेनं आकडा सांगायच्या आधी यांनाच विचारलं, "म्हणजे कोणती मुलं बाई? इथं जन्मलेली की इथली? बर्फ पडायला लागलं की आमच्या बायका बाळंतपणाला खाली शहरात जातात. पोर तिथं होतं, महिन्याभरानं वर येतं. लस त्याला मीच देते."

वन्सं सांगताना अजूनही इथं थांबतात आणि हसतात. आपली जुळी बहीण सापडल्यासारखं वाटलं, म्हणतात. त्या परिचारिकेचा प्रश्न त्यांनी खाली आणला. जन्म कुठं झाला आणि मूल राहतं कुठं, हे दोन वेगळे आकडे म्हणून त्या जिल्ह्यापुरते मांडले आणि तशी टीप फाइलीला जोडली. त्या वर्षीच्या लसी डोंगरातली मुलं धरून आल्या. पुढच्या वर्षी बाकीच्या जिल्ह्यांनाही तोच प्रश्न विचारला गेला.

पलीकडून उत्तर आलं, धन्यवाद, आता जुळतं. नेहमीसारखं कोरडं. पण पहिल्यांदाच खाली एक वाक्य जास्त होतं, "तुम्ही स्वतः वर गेला होतात का?" वन्संनी गेले होते म्हणून कळवलं. मग तिकडून डोंगराबद्दल विचारणा झाली, इकडून मांजराचं वर्णन गेलं. असं करत करत आकड्यांच्या खाली चार ओळी, मग आठ ओळी येऊ-जाऊ लागल्या. पलीकडचीला मणक्याचा त्रास आहे, पलीकडचीला पोहायला आवडतं, पलीकडचीचा जोडीदार फार वर्षांपूर्वी वारला, हे आम्हाला जेवताना कळत गेलं.

मग आमच्या शहरात त्या संस्थेची बैठक भरली आणि वन्संनी पलीकडचीला जेवायला बोलावलं. सासूबाईंनी पाहुणीसाठी नवी उशी काढून ठेवली, मणक्याच्या त्रासासाठी. मी हातानं शिवलेली एक ओढणी बांधून ठेवली. दारावर घंटा वाजली. वन्संनी दार उघडलं तर समोर एक टक्कल पडलेले, बुजरे गृहस्थ हातात संत्र्यांची पिशवी घेऊन उभे. वन्संनी त्यांच्यामागे पाहिलं, जिन्यात पाहिलं. मग ते गृहस्थ आपल्या सहीची दोन अक्षरं बोलले.

नवऱ्याला हसू आवरेना, तो स्वयंपाकघरात पळाला. सासूबाईंना ऐकू कमी येतं, त्यांनी मला मोठ्यानं विचारलं, हा पलीकडचीचा भाऊ का? वन्संचा चेहरा मी इतक्या वर्षांत कधी तसा पाहिला नव्हता, कानापर्यंत लाल. पण ते गृहस्थ शांतपणे आत आले, उशी पाठीशी घेऊन बसले आणि म्हणाले की मलाही सहा महिने वाटत होतं तुम्ही बाप्ये आहात. ओढणी मी त्यांना दिली नाही. ती पुढं वन्संच घालू लागल्या.

ते दर वर्षी यायला लागले. बैठक असली तरी, नसली तरी. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या शहरात घर घेतलं. इथली हवा मानवते असं ते सांगायचे. कोणती हवा ते आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

वन्संची नोकरी संपली त्या दिवशी मी ऑफिसात होते. भाषणं झाली, आरोग्य खात्यातले ते जुने अधिकारीही काठी टेकत आले होते. लोक केकभोवती जमले तेव्हा वन्सं दिसेनात. मी बोळाच्या टोकाच्या खोलीत गेले तर त्या आपल्या जागी येणाऱ्या मुलीबरोबर पडद्यासमोर बसल्या होत्या. त्या वर्षीची फाइल उचलली जायची होती. मी बघितलं, तर बघण्यासारखं काही नव्हतं. पडद्यावर एक ओळ आली आणि गेली. पलीकडच्या यंत्रानं येऊन आमच्या सगळ्या देशाची माणसं, घरं, जन्म आणि मृत्यू उचलून नेले, प्रत्येकाला त्याची ओळख चिकटवून. वन्संनी चष्मा काढून पुसला. नव्या मुलीनं विचारलं, एवढंच? वन्सं म्हणाल्या, "एवढंच. म्हणून तर आधी इतकं करायचं."

पुढच्याच वसंतात त्यांनी लग्न केलं, नोंदणी कार्यालयात, आम्ही घरचे तिघं आणि डोंगरातली ती परिचारिका एवढ्यांच्या साक्षीनं. निळा पोशाख मी शिवला. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या आणि सही होईपर्यंत माझा हात त्यांनी सोडला नाही.

आता ते दोघं दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांच्या इमारतीची लिफ्ट चालू असते म्हणून सासूबाई हिवाळाभर तिकडेच मुक्काम ठोकतात आणि जावयाशी पत्ते खेळतात. जावयाला आमची भाषा अजून धड येत नाही, सासूबाईंना ऐकू येत नाही, तरी दोघांचं छान चाललंय. रविवारी आम्हीही जातो. वन्सं दार उघडतात, माझा कोट घेतात, आणि मी आत पाऊल टाकायच्या आधीच सासूबाईंची तक्रार ऐकू येते की जावई पत्त्यांत लबाडी करतो.